खाटीक काकाजींना, जाहीर आभार

आदरणीय काकाजी,

माझ्या एम. फार्म.च्या प्रबंधात आभाराचं पान आहे. त्यात गाईड आहेत, प्राचार्य आहेत, लॅबमधले भाऊ आहेत. तुमचंही नाव मी घातलं होतं, पण तिथं 'खाटीकखान्याच्या सौजन्याने' एवढंच राहिलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. पुतण्या मोबाइलवर वाचून दाखवेलच.

माझा विषय घरी सांगायलाही जड जायचा. मोठ्या आतड्याच्या शेवटाला सूज येऊन रक्त-आव पडते, अशा रोग्यांसाठी गुदमार्गे द्यायचं मेसालामीनचं जेल. हे औषध नुसतं गिळलं तर बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं, खालच्या जखमांपर्यंत थोडंच पोचतं. एनिमा घेतला तर डाव्या कुशीवर पडून राहा, आणि तरी तो बाहेर यायचा तो येतोच. तुम्ही हे ऐकून हसला नाहीत. "जेथं दुखते तेथंच दवाई. बराबर हाय," म्हणालात आणि कामाला लागलात.

आमचं जेल पोलोक्झामर ४०७ या जेल बनवणाऱ्या पदार्थाचं. त्याचा स्वभाव तुपाच्या उलटा: थंडीत पातळ, उबेत घट्ट. ४ अंशांच्या आसपास थंड पाण्यात रात्रभर ठेवून ते विरघळवायचं, पातळ असताना सिरिंजने आत सोडायचं, की ३७ अंशांच्या उबेला ते जागच्या जागी धरतं. चिकटावं म्हणून वर थोडं कार्बोपोल. पण ते खरंच चिकटतं का, औषध अस्तरात मुरतं की अस्तर ओलांडून पलीकडे निघून जातं, हे नुसत्या काचेच्या भांड्यात कळत नाही. त्याला बोकडाच्या गुदाशयाचं ताजं अस्तर लागतं. ते तुम्ही पहाटे, गिऱ्हाईक यायच्या आधी, कुठंही न फाटता सोडवून ठेवायचे आणि मी बर्फात ठेवलेल्या बफरच्या (अस्तर ताजं ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याच्या) डब्यातून एसटीने कॉलेजला न्यायची. चरबी कुठवर खरवडायची आणि हात कुठं थांबवायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तुमच्या बोटांकडे बघून शिकले.

आणि तो तुमचा प्रश्न. "पोरी, मे महिन्यात पारा ४५ ले जाते. तुही दवाई तं नळीतच गोठन!"

खरंच की. आमचं द्रावण ३० अंशांच्या थोडं वर गेलं की घट्ट होणारं, आणि साठवणुकीबद्दल लिहिलेलं काय, तर 'फ्रिजमध्ये ठेवावे'. दुपारभर लाइन नसलेल्या गावात कोणता फ्रिज? मग नळी उन्हात तापवून मडक्यातल्या पाण्यात बुडवली. पुन्हा पातळ झाली. पोलोक्झामर असं मागं-पुढं होतं हे शिकलेलं होतंच, मडकं तुमच्यामुळे सुचलं. तापल्यावर औषधाचा कस टिकतो का, ते मात्र वेगळं तपासायला हवं. मेसालामीन हवा-उजेडाने तपकिरी पडतं.

पैसे तुम्ही शेवटपर्यंत घेतले नाहीत. पुढच्या बॅचची एक मुलगी डिक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाच्या जेलवर काम करणार आहे, तिला तुमचं दुकान दाखवलंय. तिला सामानाचे पैसे मिळणार आहेत. तिच्याकडून घ्या.

तुमची,
बर्फाच्या डब्यावाली पोरगी