परिचारिकांनाही तात्पुरती नोंदणी द्या: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

जीएनएमची (परिचारिकेच्या पदविकेची) तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं पूर्ण करून पास झालेली मुलगी मुंबईत नोकरी शोधायला लागली की तिला पहिला प्रश्न येतो, ‘रजिस्ट्रेशन नंबर आला का?’ महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ प्रमाणे नोंदणी लागते आणि ती लागायलाच हवी. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारं माणूस कोण, याची सरकारदरबारी नोंद असलीच पाहिजे. पण निकाल आणि नंबर यांच्या मध्ये गुणपत्रिका, कॉलेजचे दाखले, पडताळणी असं बरंच काही असतं. दुसऱ्या राज्यात शिकलेली असेल तर तिथला ना हरकत दाखलाही (एनओसी) आणावा लागतो. तोवर घरभाडं आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता थांबत नाही. नालासोपारा, कल्याणकडे चौघी मिळून खोली घेतात आणि मिळेल ते काम धरतात.

ते काम कसं असतं, हे मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून वर्षानुवर्षं पाहत आले आहे. उपनगरातलं एखादं छोटं नर्सिंग होम तिला ‘ट्रेनी’ म्हणून ठेवून घेतं. बारा तासांची ड्युटी, हातात जेमतेम लोकलचा पास आणि डबा भागेल एवढे पैसे. रात्री दोनचा अँटिबायोटिकचा डोस असतो. ही मुलगी कुपीतली पावडर विरघळवते, शिरेतली नळी (कॅन्युला) फ्लश करून मोकळी करते, ड्रिप लावते, थेंब मोजते. औषधाच्या चार्टवर सही करायची वेळ आली की चार्ट दुसऱ्या मजल्यावरच्या रजिस्टर्ड सिस्टरकडे जातो, नाहीतर सकाळी पाळी बदलताना हँडओव्हरच्या आधी सगळ्या चौकटी एकदम भरल्या जातात. मध्येच रुग्णाच्या अंगावर पुरळ उठलं, धाप लागली तर? कागदावर औषध देणारी एक आणि खाटेपाशी उभी दुसरीच. साहेब, यात त्या मुलीवर अन्याय आहे, पण त्याहून मोठा धोका रुग्णाला आहे. आणि पुढे स्टाफ नर्सच्या मुलाखतीला गेल्यावर हे सगळे महिने अनुभवात धरलेच जात नाहीत.

काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवतात आणि वर, ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेतात. २०११ साली मुंबईतल्या परिचारिका याच जाचाविरुद्ध संपावर गेल्या होत्या. नंबर नसलेली मुलगी आज तेही मुकाट्याने सोसते, कारण दुसरीकडे जायला तिच्यापाशी कागदच नसतो.

एमबीबीएसच्या मुलांसाठी ही वाट आपणच करून दिलेली आहे. अंतिम परीक्षा पास झाली की त्यांना इंटर्नशिपसाठी तात्पुरती नोंदणी मिळते, ती मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि नंतर कायम नोंदणी होते. परिचारिकांना हेच का नको?

माझी मागणी एवढीच आहे. निकालाच्या दिवशीच, परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीवरून, प्रत्येक उत्तीर्ण मुलीला आणि मुलाला सहा महिन्यांची तात्पुरती नोंदणी द्या. तिच्यावर अटी जरूर घाला. आयसीयूत किंवा रात्रपाळीला एकटीवर वॉर्ड सोडायचा नाही, इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियमसारखी जोखमीची औषधं दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय द्यायची नाहीत. पण सही तिची स्वतःची, नंबर तिचा स्वतःचा आणि हा काळ अनुभवात धरला जावा. पगाराचंही आत्ताच ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. ती आजही शिफारसच राहिली आहे. तात्पुरत्या नोंदणीवर नेमणूक करणाऱ्या रुग्णालयाला हा आकडा बंधनकारक करा, आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेणाऱ्यावर कारवाई करा.

२०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यात राज्य आयोगांची तरतूद आहेच. महाराष्ट्राचे नियम लिहिताना तात्पुरत्या नोंदणीचं कलम त्यात घाला. ते होईपर्यंत शासन निर्णय काढून पुढच्या निकालापासून तरी सुरुवात करावी, ही विनंती.

आपली,
एक परिसेविका, मुंबई