'ते घरी विचार'

महोदय,

गेल्या महिन्यात मुलीच्या सातवीच्या सहलीला पालक म्हणून सोबत गेले होते. पुण्यात सकाळी शनिवारवाडा, मग गंज पेठेतला महात्मा फुले वाडा आणि जेवणानंतर वॉटर पार्क. फुले वाड्याच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं आली. त्यातली निम्मी रांगा लावण्यात आणि डोकी मोजण्यात गेली. उरलेल्या वेळात हुकूम सुटला, 'फलकावरचं वहीत उतरवून घ्या.' नव्वद मुलं फलकांकडे तोंड करून सनावळ्या लिहीत राहिली. अंगण, विहीर, जोतीरावांची समाधी, सगळं पाठीमागे राहिलं.

लिहिता लिहिता एका मुलीनं विचारलं, "बाई, बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणजे काय?" उत्तर आलं, "ते घरी विचार."

अहो, तेच तर हे घर! फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारायची किंवा स्वतः जीव द्यायची पाळी येऊ नये, म्हणून फुले दांपत्यानं १८६३ साली आपल्या घरात ही सोय केली. तिथं आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कावरून वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं (अंत्ययात्रेच्या पुढे धरायचं मडकं) धरलं. बाईनं अंत्ययात्रेत टिटवं धरायचं, तेही त्या काळात! बारा वर्षांच्या मुलांना यातलं न कळण्यासारखं काय आहे? मोबाइलवर ती याहून कितीतरी भलतंसलतं बघतात.

बाईंवर माझा राग नाही. एवढी पोरं सांभाळायची, वर उद्या एखादा पालक 'असलं काय शिकवता?' म्हणून शाळेत भांडायला यायचा. पण मग सहलीचा बेत आखतानाच शिक्षकांनी आधी एकदा वाडा बघून यावा, काय सांगायचं ते ठरवावं. वेळ पुरत नसेल तर एक ठिकाण कमी करावं. (वॉटर पार्क कमी करा म्हटलं तर लेक माझ्याशी बोलणार नाही, तेव्हा शनिवारवाडा पुढच्या वर्षी.)

१८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केल्याचा धडा मुलांना पाठ असतो. तो एकदा त्याच अंगणात सतरंजी टाकून, नीट बसवून सांगा. वह्या बसमध्येच राहू द्या.

– एक पालक, सातारा