हाताला न लागणाऱ्या तट्टूच्या मागे पळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेपरात कुत्र्या-मांजरांच्या ट्रेनिंगबद्दल बरंच येतं, घोड्या-तट्टांबद्दल जवळजवळ काहीच नाही म्हणून हे लिहितेय. कुरणात सोडलेलं तट्टू पकडू देत नाही ही तक्रार तट्टू पाळणारे खूप जण करतात आणि त्यावर सल्ला एकच मिळतो, चार जण बोलवा, कोपऱ्यात कोंडा, दोरी टाका. मीपण वर्षभर हेच केलं. कृपा करून कुणी करू नका.

माझी कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी आहे, छोटीशीच. मोरखी, म्हणजे धरून न्यायला डोक्यावर चढवतात ती पट्टी, हातात दिसली की ती वीस पावलांवरूनच मान वर करायची, कान टवकारायची आणि मी अजून थोडं जवळ गेले की चौखूर उधळून कुरणाच्या दुसऱ्या टोकाला. अर्धा-अर्धा तास हेच चालायचं. लोक म्हणायचे हट्टी आहे, लबाड आहे, मलाही पटायचं. मग एक दिवस ती पुढच्या पायानं लंगडताना दिसली, खुरात काहीतरी रुतलं होतं, आणि तरीही तीन पायांवर का होईना ती माझ्यापासून लांब पळत होती. तेव्हा मला रडू आलं, कारण एवढं दुखत असताना जनावर माझ्यापासून पळतंय म्हणजे चूक त्याची कशी असेल?

विचार केला तर तिचं गणित अगदी बरोबर होतं. मी कुरणात जायचे ती फक्त खोगीर चढवायला नाहीतर नाल मारणारा आला की. म्हणजे माणूस आला की चरणं बंद, सोबती सुटले, काम सुरू. आणि ती पळाली की शेवटी दमून मीच मागे फिरायचे, म्हणजे पळालं की सुटका होते हे मीच तिला रोज शिकवत होते.

त्यात घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे दोन्ही बाजूंना, जवळजवळ ३५० अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे दिसत नाही. नजर रोखून सरळ तोंडावर चालून येणारा माणूस त्याला कसा वाटत असेल बघा. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांच्या रागावलेल्या चेहऱ्यांचे नुसते फोटो दाखवले तरी त्यांच्या हृदयाचे ठोके भराभर वाढले. त्यामुळे डोकं तापलेलं असेल त्या दिवशी कुरणात जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी केलं ते असं. आधी जागा लहान केली, मोठ्या कुरणाचा एक तुकडा कुंपण घालून वेगळा केला. मग मोरखी खांद्यावर उघडीच टाकून, लपवून नाही, तिरकं चालत खांद्याच्या रोखानं जायचं, नजर खाली. तिनं मान वर केली की तिथंच थांबायचं. तिनं माझ्याकडे बघितलं, एक कान जरी वळवला, की लगेच, त्याच क्षणी, पाठ फिरवून मागे यायचं. उशीर झाला तर तिला कळतच नाही की कशाबद्दल सोडलं. पहिले चार दिवस एवढंच केलं, हात लावला नाही. पाचव्या दिवशी मी मागे फिरले आणि पाठीमागे गवतात पावलं वाजली, ती स्वतःहून आली होती, माझ्या बाहीला नाक लावून फुरफुरली. मी वळलेपण नाही.

हात लावायला लागल्यावर नाकावर थोपटू नका, मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढचा जो उंचवटा असतो तिथं खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात आणि फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासात तिथं खाजवल्यावर ठोके कमी होतात असं दिसलं. मग मोरखी घालायची, खाजवायचं, काढायची आणि निघून यायचं, काम काही नाही. दिवसातून दोन-तीनदा. कामासाठी पकडलं असं दहातून एखाददुसऱ्या वेळीच व्हावं.

चंदीची, म्हणजे दाण्याची, बादली घेऊन कळपात मात्र शिरू नका, बाकीचे धावून येतात, आपसात लाथा झाडतात आणि मधे आपण असतो. आधी बाकीच्यांना बाहेर काढा. आणि चांगलं हाताला येणारं तट्टू अचानक पळायला लागलं तर ट्रेनिंगच्या आधी डॉक्टरांना दाखवा, पाठ, दात, खूर सगळं, खोगीर बोचत असेल तर ते पळणारच.

सोय म्हणून मोरखी कुरणात चोवीस तास घालून ठेवणारे बरेच दिसतात, ती कुंपणाला नाहीतर फांदीला अडकते आणि जनावर घाबरून मान मोडून घेऊ शकतं. ठेवायचीच झाली तर जोरात ओढ बसल्यावर तुटणारी घ्या, नायलॉनची नको.

आपली,
एक वाचक