विषय : खोक्यावर ‘व्ही-२’, आत व्हर्जन ३, चुकीचे सुटे भाग आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व सुटे भाग विभाग

महोदय,

आज दुपारचा फोन हा या प्रकरणातला सहावा. यापुढे फोन करणार नाही. जे आहे ते लेखी देतो, म्हणजे ‘तुमच्या तक्रारीची नोंद दिसत नाही’ असं सातव्यांदा कोणी सांगायला नको.

तुमच्या एके मॉडेलच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीच्या, खोक्यावर नावापुढे ठळक अक्षरांत ‘व्ही-२’ छापलं आहे. तुमच्या लेखी त्याचा अर्थ दुसरी, सुधारित आवृत्ती. एअरसॉफ्ट खेळणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच : व्हर्जन २ गिअरबॉक्स, म्हणजे गिअर आणि पिस्टन ज्यात असतात ती आतली पेटी. हे आकडे आजकालचे नाहीत. टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये फामास ही बंदूक आणली, तिचा गिअरबॉक्स व्हर्जन १. एम-१६ आणि एमपी-५ चा व्हर्जन २. एके-४७ चा व्हर्जन ३. पुढे बहुतेक उत्पादकांनी हीच गणती धरली आणि सुटे भाग त्याच आकड्यांवर विकले जाऊ लागले. तुम्हीही तसेच विकता. तुमच्या स्प्रिंग गाईडच्या पाकिटावर ‘व्ही-२’ लिहिलेलं असतं तेव्हा तो गिअरबॉक्स असतो, आणि बंदुकीच्या खोक्यावर ‘व्ही-२’ असतं तेव्हा ती आवृत्ती असते. कंपनी एक, खूण एक, अर्थ दोन. हे छापण्याआधी तुमच्याकडच्या एकाही माणसाला खटकलं नाही?

परिणाम सांगतो. टॅपेट प्लेट, म्हणजे नोझल पुढे-मागे हलवणारी पट्टी, तुटली. ती झिजणारीच वस्तू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सीताबर्डीच्या दुकानदाराने खोक्यावरचं नाव बघून तुमच्याकडे ‘व्ही-२’ चा संच मागवला : टॅपेट प्लेट, सिलिंडर हेड, स्प्रिंग गाईड, कट-ऑफ लीव्हर. या चारपैकी एकही भाग व्हर्जन ३ मध्ये चालत नाही. पिस्टन, पिस्टन हेड, स्प्रिंग आणि गिअर दोन्हींत बहुतेक सारखे असतात, म्हणूनच नवख्या माणसाला वाटतं की बाकीचंही बसेल, थोडं दाबावं लागेल इतकंच. तो दाबतो. कवचाचे दोन अर्धे भाग नीट मिटत नाहीत, केसाएवढी फट राहते. ती बुजवायला तो स्क्रू आवळतो. कवच पिळतं, गिअरचे आस तिरके होतात, आणि पहिल्या शंभर छर्‍यांत दात जातात. मग तो दुकानदाराकडे येतो आणि म्हणतो, माल खराब दिला.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. ‘भाऊ, कंपनीचा कोडच एक आहे, मी काय ओळखणार?’ असं त्याने सांगितलं, आणि ते खरं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीला तुम्ही एकच बारकोड ठेवला आहे. त्याच्या बिलावर दोन्हींची ओळ अक्षरशः सारखी येते. दोन्ही खोकी एकाच कपाटात एकावर एक असतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातात कोणतं पडेल हा नशिबाचा भाग.

आता आजचा फोन. तो शब्दशः लिहितो, कारण तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असतं असं तुम्हीच प्रत्येक वेळी सुरुवातीला ऐकवता. ते काढून पडताळून बघा.

माझा प्रश्न इतकाच होता की या बंदुकीला कोणता संच पाठवाल.

‘सर, खोक्यावर काय लिहिलंय?’

‘व्ही-२.’

‘मग व्ही-२ चाच संच लागेल.’

‘तो आला, बसत नाही. ही एके आहे. हिचा गिअरबॉक्स व्हर्जन ३ आहे.’

‘सर, व्ही-३ अजून बाजारात आलेली नाही.’

मी गिअरबॉक्स आणि आवृत्ती यांतला फरक समजावला. व्हर्जन ३ मध्ये मोटर गिअरबॉक्सलाच जोडलेल्या पिंजऱ्यात असते आणि आखूड असते, व्हर्जन २ मध्ये ती ग्रिपमध्ये, म्हणजे मुठीत, असते आणि लांब असते, हेही सांगितलं. अकरा मिनिटं संगीत ऐकवलं. मग वरिष्ठ आले. ते म्हणाले, मागच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेल्या फोटोंत सील तुटलेलं दिसतंय, त्यामुळे वॉरंटी संपली आहे.

‘फोटो तुमच्याच माणसाने मागितले होते. गिअरबॉक्स कोणता आहे ते बघून फोटो पाठवा, असं सांगितलं होतं.’

‘बघायला सांगितलं होतं सर, उघडायला नाही.’

महोदय, तुमचं ते सील कुठे आहे ते आठवा. ग्रिपच्या तळाच्या स्क्रूवर, चांदीच्या रंगाचं. एकेची ग्रिप गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. ते स्क्रू सोडल्याशिवाय गिअरबॉक्स बाहेर येत नाही आणि त्याचं कवच दिसत नाही. न उघडता बघायचं कसं, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं : ‘सर, खेळण्यातली बंदूक आहे, एवढं मनावर कशाला घेता?’ आणि फोन बंद झाला.

हे वाक्य मला सहन होत नाही. किंमत घेताना ती खेळण्यातली नव्हती. जाहिरातीत धातूचे गिअर, बेअरिंग, मॉसफेट यांची नावं घेताना ती खेळण्यातली नव्हती. तुमचाच भाग तुमच्याच बंदुकीत बसत नाही म्हटल्यावर ती खेळण्यातली झाली.

दोन आवृत्त्यांत आत काय बदललं हे तुम्ही कुठेही छापलेलं नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून जे मोजलं ते इथे देतो. पहिलीत ७ मि.मी. चे बुशिंग (गिअरचा आस ज्यात फिरतो ती कडी), दुसरीत ८ मि.मी. चे बेअरिंग. ८ चं ७ च्या भोकात जात नाही. कानस मारून भोक वाढवलं की त्याचा मध्य सरकतो, मग ०.१ आणि ०.२ मि.मी. च्या कितीही शिम (पातळ चकत्या) घाला, गिअर ओरडतच राहतात. नोझल, म्हणजे छर्रा पुढे ढकलून त्याच्यामागे हवा सोडणारी नळी, पहिलीत १९.७ मि.मी., दुसरीत २०.७. हा एक मिलिमीटर किरकोळ नाही. आखूड नोझल हॉप-अपच्या (छर्र्याला उलटी फिरकी देणाऱ्या भागाच्या) रबराला पुरतं टेकत नाही, हवा गळते, एक छर्रा लांब जातो आणि पुढचा मध्येच पडतो. लांब नोझल पुरेसं मागे येत नाही आणि छर्रा वर चढतच नाही. दोन्ही वेळा गिऱ्हाईक हॉप-अप बदलतं, मॅगझिन बदलतं, आणि दोष तिथे नसतोच.

बॅटरीचं तर धोक्याचं आहे. दुसऱ्या आवृत्तीत मॉसफेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, पहिलीत नाही, आणि दोन्ही खोक्यांत पुस्तिका मात्र एकच. तीत लिहिलंय की ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चालेल. पूर्ण भरलेली ११.१ ची बॅटरी १२.६ व्होल्ट देते. मॉसफेट नसताना तो सगळा प्रवाह ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो. प्रत्येक दाबाला ठिणगी, पट्ट्यांवर काजळी, आणि काही दिवसांत ट्रिगर मुका. पहिल्या आवृत्तीला ७.४ व्होल्टच द्यायला हवी, हे एका ओळीत छापता आलं असतं.

वेगाच्या आकड्याचाही तोच घोळ. जुन्या खोक्यावर ४०० एफपीएस (सेकंदाला इतके फूट), नव्यावर ३५०. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो की नवी कमजोर केली. बारीक अक्षरं वाचली तर जुना आकडा ०.१२ ग्रॅमच्या छर्‍यावर दिलेला आहे आणि नवा ०.२० वर. हिशेब केला तर जुनी ०.८९ ज्यूल, नवी १.१४. म्हणजे कमजोर दिसणारी जास्त जोराची आहे. मैदानावर १ ज्यूलची मर्यादा असेल तर नवी आत घेता येत नाही, आणि खोकं बघून मात्र कोणीही ती बिनधास्त घेऊन येईल. चष्म्यामागे माणसांचे डोळे असतात. हा आकडा ०.२० ग्रॅमवर आणि ज्यूलमध्येच द्या.

आवृत्ती कळण्याची बंदुकीवरची एकमेव खूण म्हणजे मॅगझिनच्या खाचेजवळचा कागदी स्टिकर. सिलिकॉन तेलाचं बोट लागलं की त्यावरची शाई पसरते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, त्याचा गोंदच सुटतो. खोकं टाकून दिलेलं असेल तर मागे काहीच उरत नाही.

तुमची पहिली एम-४ ज्यांनी घेतली, त्यांनीच पुढे दहा जणांना तुमचं नाव सुचवलं. तेव्हा पाकिटातल्या आकृतीवर प्रत्येक भागाचा क्रमांक असायचा. आता ती आकृतीही नाही. याचं वाईट वाटतं, आणि रागापेक्षा जास्त वाटतं.

मला हवंय ते असं. व्हर्जन ३ चा योग्य संच तुमच्या खर्चाने पाठवा आणि चुकीचा परत न्या. वॉरंटी पूर्ववत केल्याचं लेखी द्या, कारण सील तुमच्या सांगण्यावरून तुटलं. खोक्यावरचं ‘व्ही-२’ काढून ‘दुसरी आवृत्ती’ छापा आणि गिअरबॉक्सचा प्रकार वेगळ्या ओळीत द्या. दोन आवृत्त्यांना दोन बारकोड द्या. आवृत्तीचा क्रमांक बाहेरच्या धातूवर कोरा, स्टिकरवर नको. आणि विकलेल्या मालासाठी भागांचा तक्ता सगळ्या दुकानदारांना पाठवा, बुशिंगच्या व्यासासह आणि नोझलच्या लांबीसह.

पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथे दावा करता येतो, त्यामुळे तुमच्या मुख्यालयाच्या शहरात येण्याची मला गरज नाही. तुम्हाला मात्र नागपूरला यावं लागेल. दोन्ही गिअरबॉक्स, न बसलेला संच आणि सहा फोनच्या तारखा-वेळा मी तिथे टेबलावर ठेवीन.

आपला,
एक ग्राहक, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही खोक्यांचे फोटो, कॅलिपरवर मोजलेल्या नोझलचे फोटो, तुटलेली टॅपेट प्लेट (मूळ)