पतीच्या नावावरची गाडी आणि विमा

पती गेल्यावर घरातल्या गाडीचा विमा जुन्याच नावाने, मोबाईलवर आलेल्या लिंकवरून भरून टाकला जातो. ही चूक महागात पडते. मृत व्यक्तीच्या नावाने नूतनीकरण केल्यास पुढे नुकसानभरपाईचा दावा अडकतो.

विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालू राहते. मोटार वाहन नियमांनुसार मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यायची आणि तीन महिन्यांत नावबदलासाठी फॉर्म ३१ भरायचा. एजंट कधीकधी फॉर्म ३० पुढे करतात. तो विक्रीसाठी असतो. कर्ज असेल तर बँकेशी आधी बोलावे.

मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि मूळ पॉलिसी घेऊन विमा कंपनीकडे लेखी अर्ज करावा. त्यात 'नो क्लेम बोनस', म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सवलत, आवर्जून मागावा. गाडी वारसा हक्काने पत्नीकडे आली तर तो तिला मिळू शकतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते! दुःखात हे कुणी सांगत नाही. पतीचा मृत्यू त्याच गाडीच्या अपघातात झाला असेल, तर पॉलिसीतले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही तपासावे.

— एक वाचक, ठाणे