तहानेवर भरवसा नको

संपादक महोदय,

अग्निशमन जवान, विषारी रसायने हाताळणारे कामगार, साथरोगाच्या वॉर्डातले कर्मचारी यांच्या संरक्षक पोशाखाविषयी चर्चा होते ती बहुधा दर्जाची आणि तुटवड्याची. आतल्या शरीराचं काय होतं, ते फारसं कुणी विचारत नाही. ‘तहान लागली की पाणी प्या’ ही सूचना तरी या मंडळींना देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक लिटर घाम उडून गेला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. बंद पोशाखात तो उडत नाही, नुसता बुटांत साचतो. शरीर मात्र घाम गाळतच राहतं. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं, तरी मेंदूला सुगावा लागतो. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवतं आणि मूत्रपिंडं लघवीतलं पाणी परत ओढून घेतात. पाठोपाठ रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही रक्तातली आणखी दोन द्रव्यं वाढून शरीरात मीठ राखलं जातं. शरीराचं तापमान चढत गेलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं. यंत्रणा चोख आहे, पण तिची सगळी काटकसर मुख्यतः लघवीपुरती! घामाचा नळ त्यातलं एकही संप्रेरक बंद करत नाही.

तहान तर सहसा व्हॅसोप्रेसिनच्याही मागून जाणवते. तोवर ७० किलोच्या माणसाचं किलोभर पाणी सहज गेलेलं असतं. शिवाय मुखवटा चढवलेला असताना प्यायचं कसं?

म्हणून भरमसाट पाणी ढोसावं, असंही नाही. दमछाक, मळमळ यांमुळे व्हॅसोप्रेसिन चढलेलंच राहतं, जादा पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातलं सोडियम घसरून जिवावर बेतू शकतं. आणि पाणी पोटात गेलं तरी पोशाखातला घाम काही उडू लागत नाही, हे अधिकाऱ्यांनी विसरू नये. पाणी देऊन कामाची पाळी लांबवणं हा उपाय नव्हे.

पोशाख चढवण्याआधी पाणी, किती पाणी गेलं ते कळावं म्हणून कामाच्या आधी व नंतर वजन, आणि पोशाख केव्हा उतरवायचा ते घड्याळावर ठरलेलं, एवढं लेखी नियमांत यावं. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही वेळ झाली की बाहेर काढावं. पोशाख खरेदीच्या फायलीतच वजनकाट्याचा खर्च धरला, तर निधी नसल्याची सबबही उरणार नाही.

— एक वाचक