पैजेवरचा कर आणि तबेल्यातला पगार : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : घोड्यांच्या शर्यतींवरील ४० टक्के कर आणि तबेल्यांतील कामगारांचे थकलेले पगार.

महोदय,

सविनय नमस्कार. मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे. अशा माणसाने आपल्याला घोड्यांच्या रेसविषयी पत्र लिहावे याचे नवल वाटेल, म्हणून आधीच सांगतो की रेसकोर्सवर मी आयुष्यात एक रुपयाही लावलेला नाही. माझा थोरला मुलगा पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत अकरा वर्षे सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा कामगार, होता. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो काम सुटून घरी आला तेव्हा त्याचा तीन महिन्यांचा पगार बाकी होता, आणि काल दुपारी ट्रेनरच्या माणसाने फोनवर सांगून टाकले की मालकाने घोडेच सोडून दिले आहेत, पैसे मालकाकडे मागा. मालक फोन उचलत नाही.

हा मुलगा घोड्यांकडे गेला कसा, तेही आपण ऐकून घ्यावे. आमच्या घरी पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी होती. तळेगाव दशासरच्या शंकरपटात ती माझ्या वडिलांच्या काळापासून उतरत असे आणि धुरकरी म्हणून शेवटी माझा मुलगा छकड्यावर बसत असे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद झाले. पटाच्या बैलाला वर्षभर सरकी ढेप, कणीक, दूध लागते, नुसत्या कुटारावर तो राहत नाही. दोन हंगाम वाट पाहण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून जोडी निम्म्या किमतीत विकली आणि जनावरांशिवाय दुसरे काही न येणारा मुलगा एका ओळखीच्या माणसाबरोबर पुण्याला गेला. पटाला डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदाही उचलून धरला, पण मधल्या साडेसात वर्षांत ज्यांच्या दावणी मोकळ्या झाल्या त्यांची विचारपूस करायला कोणी आले नाही. तेव्हा निकाल न्यायालयाचा होता, त्यावर मी काय बोलणार? पण या वेळचा निर्णय वस्तू व सेवा कर परिषदेचा आहे, आणि त्या परिषदेत महाराष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना आहे.

रेसचा पैसा कसा फिरतो हे मुलाने मला अंगणात बसून समजावले. टोटवर, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत पैजेच्या खिडकीवर, लोक पैसे लावतात ते सगळे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून रेस भरवणारा क्लब आपले कमिशन काढून घेतो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. क्लबच्या हाती खरे तर ते कमिशनच राहते. त्यातून धावपट्टीची निगा होते आणि बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग उभा राहतो, बक्षिसाच्या आशेवर मालक घोडा ठेवतो, मालक ट्रेनरला महिन्याचे पैसे देतो आणि ट्रेनर सईसाला पगार देतो. या साखळीत माझा मुलगा शेवटच्या कडीला होता. वर पाणी आटले की सर्वांत आधी कोरडे पडते ते शेवटचेच वावर, हे कालव्याच्या टोकाला राहणाऱ्या कोणालाही विचारा.

आता कर पाहा. २०१७ मध्ये २८ टक्के कर आला आणि तो कमिशनवर न लावता लावलेल्या पूर्ण रकमेवर लावला गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले की टोटवर क्लबचे उत्पन्न कमिशन एवढेच आहे, कर त्यावरच असावा. तरीही ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवरचा कर आणखी पक्का करण्यात आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शंभर रुपये लावले की चाळीस रुपये कर, घोडा जिंको की हरो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलेले असताना तिला कॅसिनो आणि लॉटरीच्या रांगेत बसवताना कोणाला काही वाटले नाही का?

एवढा कर भरून टोटवर खेळणार कोण? खेळणारा खेळायचे सोडत नाही, तो फोनवरच्या चोरट्या बुकीकडे जातो. तो बुकी ना आपल्याला कर देतो, ना घोड्याच्या चंदीला पैसा देतो, ना कोणाला पगार. चाळीसपैकी वीस टक्के राज्याच्या तिजोरीत येणार म्हणून हा दर गोड वाटला असेल, तर पैजच चोरवाटेने गेल्यावर ते वीस टक्के कशाचे घेणार आहात? मुलाच्या मालकाकडे २०२३ मध्ये पाच घोडे होते, मागच्या पावसाळ्यात दोन उरले, आणि नवा दर लागू झाल्यावर तेही गेले. २०२४ मध्ये मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेपैकी १२० एकर उद्यानाला देऊन ९१ एकर रेससाठी २०५३ पर्यंत भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले. जमीन तीस वर्षांसाठी द्यायची आणि ज्या पैशावर तिथे घोडा धावायचा तो पैसा आटू द्यायचा, या दोन निर्णयांचा मेळ कोणी घातला होता का?

जुगार बुडाला तर बरेच झाले, असे म्हणणारे आमच्या गावातही आहेत. त्यांनी माझ्या मुलाचे काम पाहिलेले नाही. पहाटे चारला उठून तो घोडीचे चारही पाय हाताने चाचपून पाही, पाय कुठे गरम लागला तर ट्रेनरला सांगण्याआधी स्वतः थंड पाण्याची धार धरी. तिला पोटशूळ झाला तेव्हा रात्रभर तिला चालवत होता, आणि त्या रात्री फोनवर मला तिच्या नालांचा आवाज ऐकू येत होता. धामणगावला गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन शर्ट आणि एक खरारा होता. त्या खराऱ्याने तो आता आमच्या म्हाताऱ्या बैलाची पाठ साफ करतो, आणि बैलाला त्याची सवय नसल्याने बैल बाजूला सरतो.

त्याच्या पगारातून घरी महिन्याला सहा हजार येत होते, आणि आमचे घर त्यावर उभे होते. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. मी माझे सोयाबीन ४,१०० रुपयांनी विकले, कारण कृषी केंद्राची उधारी थांबायला तयार नव्हती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पावसाने काळी पडली. जानेवारीतल्या पटात एका लोकप्रतिनिधीने मंचावरून सर्वांसमोर शब्द दिला होता की, तबेल्यातून परत आलेल्या पोरांचा प्रश्न मी महिनाभरात मंत्रालयात मांडतो. मी त्यांच्या कार्यालयाच्या चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी साहेब दौऱ्यावर. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, याचे दुःख मला पगार बुडाल्यापेक्षा जास्त आहे. पट बंद केला, हमीभाव कागदावर ठेवला, आता रेस. जनावराच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला निर्णय घेण्यापूर्वी कोणी एकदा तरी विचारणार आहे की नाही?

माझी मागणी एवढीच आहे. परिषदेच्या पुढच्या बैठकीत महाराष्ट्राने लेखी मांडावे की टोटवरील कर पूर्ण रकमेवर न घेता क्लबच्या कमिशनवर घ्यावा. या करातून राज्याला जे मिळते त्यातला काही भाग सईस आणि तबेल्यातील इतर कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी व उपचारासाठी वेगळा ठेवावा. आणि मालक घोडा सोडून गेला तर सईसाचा पगार कोणी द्यायचा हे एकदा स्पष्ट लिहून काढावे, कारण आज ट्रेनर मालकाकडे बोट दाखवतो आणि मालकाचा फोन लागत नाही.

सोबत मुलाच्या हिशेबाची वही जोडली आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, दरमहा १६,००० प्रमाणे ४८,००० रुपये. शेवटच्या पानावर त्याने घोडीच्या औषधाला स्वतःच्या खिशातून घातलेले ७४० रुपयेही लिहिले आहेत. ते मागू नयेत असे तो म्हणतो, पण मी मागतो आहे.

आपला,
एक शेतकरी,
तालुका धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती.